पाचशे मिली: बाळंतपणाच्या संशोधनात उतरू पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी

एमएस झाल्यावर मातृआरोग्याच्या संशोधनात जायचं, आणि तेही मुंबई-दिल्लीला न जाता कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड, शाहूवाडी, गगनबावडा अशा तालुक्यांच्या आसपास राहून करायचं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. अशा डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा पदवीचा असतो: एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदवी) करू का, फेलोशिप कुठली, पेपर किती लागतात? त्याबद्दलही लिहितो, पण शेवटी. माझ्या लेखी पहिला प्रश्न वेगळा आहे. तुमच्या लेबर रूममध्ये बाळंतिणीचं गेलेलं रक्त मोजलं जातं का? मोजलं जातं, की केसपेपरवर अंदाजाने ‘२०० मिली’ लिहिलं जातं?

बाळंतपणानंतर २४ तासांत ५०० मिली किंवा त्याहून जास्त रक्त गेलं तर ते पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, ही व्याख्या आपल्याला पाठ असते. पण डोळ्यांनी ५०० मिली ओळखता येत नाही. रक्त चादरीत मुरतं, बादलीत लघवी आणि गर्भजलात मिसळतं, मांडीखाली साचतं. सांडलेलं जितकं जास्त, तितका अंदाज कमी येतो, आणि हे अनुभवी माणसाच्या बाबतीतही खरं आहे. बेळगावात १२३ बाळंतिणींवर झालेला, २००६ साली छापून आलेला एक अभ्यास याच गोष्टीचा होता. निम्म्या जणींचं रक्त नजरेने आणि निम्म्या जणींचं मापाच्या खुणा असलेल्या ड्रेपने, म्हणजे बाईखाली पसरायच्या प्लास्टिकच्या पिशवीने मोजलं. नजरेचा आकडा ड्रेपपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आला.

बेळगाव आपल्या कोल्हापूरपासून शे-सव्वाशे किलोमीटरवर. महामार्गाने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. या विषयात जगभर ज्यांचे दाखले दिले जातात त्यातलं एक महत्त्वाचं काम तिथल्या खेड्यांत झालं, हे आपल्याकडच्या रेसिडेंटना सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. २००६ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये आलेला मिसोप्रोस्टॉलचा, म्हणजे गर्भपिशवी आवळणाऱ्या गोळीचा अभ्यास तो. जिल्ह्यातल्या उपकेंद्रांत आणि घरी बाळंतपण करणाऱ्या एएनएम (गावपातळीवरच्या प्रशिक्षित नर्स) सिस्टरांनी १६२० बायकांना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल किंवा तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी दिली. पीपीएचचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. १००० मिलीच्या वरचा रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. साधारण अठरा जणींना गोळी दिली की एकीचं पीपीएच टळतं, असा हिशोब निघाला. थंडी वाजणं आणि ताप हे त्रास वाढले, तेही पेपरात नोंदलेले आहेत. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत पीपीएच टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉल आलं, त्यामागच्या पुराव्यांत हा अभ्यास होता.

त्या अभ्यासातून करिअरसाठी शिकायचं काय, तर प्रश्न जागेवरचा होता. ऑक्सिटोसिनला, म्हणजे गर्भपिशवी आवळण्याच्या नेहमीच्या इंजेक्शनला फ्रिज लागतो, सुई लागते आणि ते टोचण्याचा अधिकार असलेला माणूस लागतो. जिथे हे तिन्ही नाही तिथे काय द्यायचं, एवढाच प्रश्न. औषध जुनं, स्वस्त आणि तोंडाने घ्यायचं. उत्तर सिस्टरांच्या हातून मिळवलं आणि मोजायला ड्रेप वापरला. ड्रेप नसता तर नजरेने दोन्ही गटांतलं बरंच पीपीएच निसटलं असतं आणि फरक पुसट झाला असता.

ड्रेपबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पुष्कळ अभ्यास इथेच बिघडतात.

ड्रेप म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा पसरट कागद. त्याला खाली निमुळती पिशवी आणि पिशवीवर मिलीच्या खुणा. बाळ बाहेर आलं, नाळ कापली, गर्भजल वाहून गेलं, की कुल्ल्यांखाली तो सरकवायचा. आधी लावला तर गर्भजलाचे कित्येक मिली रक्त म्हणून मोजले जातात. वार पडायच्या वेळी लावला तर पहिला लोंढा चुकतो. पिशवी टेबलाच्या कडेच्या खाली मोकळी लटकली पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या लेबर टेबलांना पुढचा भाग सपाट असतो, पिशवी तिथे आडवी पडते आणि खूण वाचता येत नाही. अशा वेळी टेबलाचा पायाकडचा भाग खाली करायचा किंवा बाईला कडेपर्यंत पुढे घ्यायचं. मूत्राशय आधी रिकामं करायचं, एक तर लघवी पिशवीत येत नाही आणि दुसरं म्हणजे गर्भपिशवी नीट आवळते. पिशवीतली पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायची, वरून वाकून नाही. ड्रेप किमान तासभर ठेवायचा. रक्त सुरूच असेल तर दोन तास.

गॉज आणि पॅडमध्ये मुरलेलं रक्त पिशवीत येत नाही. ते वजन करून धरायचं. किराणा दुकानातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा चालतो. कोऱ्या गॉजचं, कोऱ्या पॅडचं वजन आधी करून भिंतीवर लिहून ठेवायचं, कंपनी बदलली की पुन्हा करायचं. समजा कोरा पॅड २० ग्रॅमचा आणि भिजलेला ९५ चा, तर ७५ ग्रॅम, म्हणजे ढोबळपणे ७५ मिली. रक्त पाण्यापेक्षा थोडं जड असतं, पण त्यामुळे होणारी चूक पाच-सहा टक्क्यांची, नजरेच्या चुकीपुढे नगण्य. बीटाडीनने भिजवलेला गॉज वेगळ्या ट्रेमध्ये टाकायचा, नाहीतर औषधाचंही वजन रक्तात जातं. एपिसिओटॉमीच्या (बाळाला वाट करायला दिलेल्या छेदाच्या) जखमेतलं रक्त वजा करायच्या भानगडीत पडू नका. बाईच्या अंगातून गेलं ते गेलं.

केवळ मोजल्याने काय होतं याचं उत्तर २०२३ मध्ये आलं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत ई-मोटिव्ह नावाचा अभ्यास झाला, दोन लाखांहून जास्त नॉर्मल बाळंतपणांचा. त्यात निम्म्या रुग्णालयांना खुणा असलेला ड्रेप दिला आणि रक्त ठरावीक रेषेला पोचलं की मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सामिक ॲसिड (रक्त थांबवणारं औषध), सलाईन आणि तपासणी हे सगळं एकामागून एक वाट न बघता एकदमच सुरू करायचं ठरवून दिलं. दुसऱ्या निम्म्यांनाही ड्रेप दिला होता, पण त्यावर खुणा नव्हत्या. त्यातलं रक्त नंतर वजन करून मोजलं. खुणा नसलेल्या गटात पीपीएच वेळेत ओळखलं गेलं ५१ टक्के वेळा, खुणांच्या गटात ९३ टक्के वेळा. १००० मिलीच्या वरचा रक्तस्राव, रक्तस्रावासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यामुळे मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. यात एकही नवं औषध नाही. २०२५ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत तर ३०० मिली रक्त आणि सोबत नाडी किंवा बीपी बिघडलेलं असेल तरी उपचार सुरू करा, असं आलं आहे. म्हणजे ५०० ची वाटही बघायची नाही. आणि ३०० मिली डोळ्यांनी ओळखणं तर त्याहून अवघड.

आता पुढचा खड्डा. नवशिक्या संशोधकाला वाटतं आपण मातामृत्यूवर काम करावं. भावना बरोबर आहे, गणित जमत नाही. २०१८–२० च्या नोंदणीत भारताचं मातामृत्यू प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ आणि महाराष्ट्राचं ३३ होतं. समजा तुमच्या उपायाने मृत्यू निम्मे होतात आणि हे नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरून सिद्ध करायचं आहे. तर ३३ पासून सुरुवात केली तर प्रत्येक गटात सुमारे १ लाख ४२ हजार बायका लागतील. दोन्ही गट मिळून पावणेतीन लाखांच्या वर. कोल्हापूर जिल्ह्यातलं प्रत्येक बाळंतपण धरलं तरी कित्येक वर्षं जातील. तेच पीपीएच १२ वरून ६.४ टक्के होतं का एवढं बघायचं असेल तर प्रत्येक गटात साधारण ४१५ जणी पुरतात. म्हणून आपल्यासारख्या ठिकाणी मृत्यूच्या अलीकडचा टप्पा मोजायचा: पीपीएच, झटके, सेप्सिस, किंवा मरणाच्या दारातून परत आलेली बाई, म्हणजे नियर मिस.

एक सावधानी. औषधाऐवजी प्रशिक्षण किंवा पद्धत तपासत असाल तर एका पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) अर्ध्या बायकांना एक आणि अर्ध्यांना दुसरं असं करता येत नाही. पूर्ण पीएचसीच एका गटात जाते. एकाच पीएचसीतल्या बायका एकमेकींसारख्या असतात, तीच सिस्टर, तोच रस्ता, तीच गाडी. त्यामुळे संख्या वाढवावी लागते. दर पीएचसीत ५० जणी आणि त्यांच्यातलं साम्य ०.०२ धरलं तर संख्या १.९८ पट, म्हणजे जवळजवळ दुप्पट. वरचे ४१५ थेट ८२० च्या पुढे जातात. अर्ज लिहिण्याआधी संख्याशास्त्रज्ञाकडे जायचं ते यासाठी. आकडे गोळा झाल्यावर गेलात तर तो फार काही करू शकत नाही.

नियर मिसचं काम आपल्याकडे कुणीही उद्या सुरू करू शकतो. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचना आहेत, निकष ठरलेले आहेत. त्याहून मोलाचं म्हणजे बाई जिवंत आहे आणि काय झालं ते स्वतः सांगू शकते. उशीर तीन प्रकारचा असतो ही १९९४ पासूनची मांडणी: घरातून निघायचं ठरवायला झालेला, दवाखान्यात पोचायला झालेला आणि पोचल्यावर उपचार मिळायला झालेला. ही मांडणी नुसती उद्धृत केलेली शेकडो प्रबंधांत सापडते. ती मोजलेली फारशी सापडत नाही. मोजायला एक पानी वेळपत्रक पुरतं: त्रास पहिल्यांदा जाणवला कधी, निघायचं ठरलं कधी, १०२ किंवा १०८ ला फोन कधी, गाडी दारात कधी, पहिल्या दवाखान्यात कधी, तिथून रेफर चिठ्ठी कधी, शेवटच्या रुग्णालयाच्या गेटवर कधी, डॉक्टरने पाहिलं कधी, पहिलं औषध कधी, रक्ताची मागणी कधी आणि पहिली पिशवी प्रत्यक्ष लागली कधी.

हे भरताना अडचणी येतात त्या अशा. लेबर रूमचं घड्याळ, ऑपरेशन थिएटरचं घड्याळ आणि गाडीच्या ड्रायव्हरचा मोबाईल यांत दहा-बारा मिनिटांचा फरक निघतो. ‘उपचाराआधी बरी झाली’ अशा अशक्य नोंदी तयार होतात. सगळ्यांनी मोबाईलची वेळ लिहायची हे पहिल्या दिवशीच ठरवा. नंतर घाईने भरलेल्या पत्रकात सगळ्या वेळा पाच-दहाच्या पटीत असतात, ८:००, ८:१५, ८:३०. असं दिसलं की ते पत्रक शिफ्ट संपताना बसून लिहिलं आहे हे समजून घ्या. सिस्टरवर चिडू नका, तिच्याकडे त्या वेळी दुसऱ्या टेबलावर आणखी एक बाई असते. नोंद एकाच कागदावर करण्याची सोय तुम्ही करा.

बीपीचंही तसंच. पाऱ्याच्या यंत्रावर वाचन ०, २, ४, ६, ८ यांपैकी कशावरही संपू शकतं, म्हणजे शून्यावर संपणारी वाचनं साधारण पाचातली एक हवीत. तुमच्या यादीत निम्मी शून्यावर संपत असतील तर १३८ चं १४० झालेलं आहे किंवा १४२ चं १४० झालेलं आहे, आणि प्री-एक्लाम्पसियाचं, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणाऱ्या आजाराचं निदान नेमकं याच रेषेवर असतं. पाच मिनिटं बसवून, पाठीला आधार देऊन, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून, दंडाच्या मापाचा कफ लावून. ओपीडीत नव्वद बायका रांगेत असताना हे होत नाही, म्हणून अभ्यासाचं बीपी घेणारी व्यक्ती वेगळी ठेवा आणि तिचा खर्च बजेटमध्ये धरा.

हिमोग्लोबिनसाठी बोट टोचता तेव्हा स्पिरिट वाळू द्या, पहिला थेंब पुसून टाका आणि बोट पिळू नका. पिळलं की पेशींभोवतीचं पाणी रक्तात मिसळतं, आकडा खाली जातो आणि ॲनिमिया नसलेली बाई ॲनिमियाच्या गटात जाते.

आता कोल्हापूरच्याच म्हणाव्यात अशा अडचणींकडे येतो. पुस्तकात त्या नसतात.

पहिली, माहेर. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. नाव नोंदवलं राधानगरीत, बाळंत झाली मिरजेत किंवा कणकवलीत. नावनोंदणीच्या वेळी फक्त सासरचा पत्ता घेतलात तर पहिलटकरणी मोठ्या संख्येने हातातून सुटतील, आणि प्री-एक्लाम्पसियाचा धोका तर त्यांनाच जास्त. माहेरचं गाव, तालुका, आईचा किंवा भावाचा नंबर आणि तिकडच्या आशाताईंचा नंबर पहिल्याच भेटीत घ्यायचा. तिच्या हातातला मोबाईल पुष्कळदा नवऱ्याचा असतो आणि तो दिवसभर कामावर.

दुसरी, ऊसतोड. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात, फडावर कोप्या पडतात, मार्च-एप्रिलात परत जातात. गरोदर बायका मोळ्या बांधत असतात. त्यांचं एमसीपी (माता-बाल संरक्षण) कार्ड गावी, लोहाच्या गोळ्या गावी, सोनोग्राफीचा कागद गावी. जिल्ह्याचे आकडे काढताना त्या कुणाच्याच यादीत नसतात. त्यांना गाठायचं तर मुकादमाचा नंबर, कारखान्याचं नाव आणि फडाचं गाव लिहून घ्यावं लागतं, तेही दर पंधरवड्याला, कारण फड बदलतो. मुकादमाकडून नंबर घ्या, पण संमती मात्र त्याच्यासमोर घेऊ नका. उचल (आगाऊ मजुरी) दिलेल्या माणसासमोर ती नाही म्हणू शकत नाही.

तिसरी, हद्द. चंदगडच्या बाईला बेळगाव जवळ, कागलच्या बाईला निपाणी. उलट सिंधुदुर्ग-रत्नागिरीतून घाट चढून गंभीर बायका सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात येतात. त्यामुळे सीपीआरमधले मृत्यू आणि झटके कोल्हापूर जिल्ह्याच्या बाळंतपणांनी भागले तर निघणारा आकडा काहीच सांगत नाही. मोठ्या रुग्णालयात जास्त मृत्यू दिसतात ते तिथे अत्यवस्थ बायका पोचतात म्हणून. खालची संख्या कुठल्या बायकांची, हे ठरवल्याशिवाय वरची मोजू नका. जुलै-ऑगस्टमध्ये शिरोळला पूर आणि गगनबावड्याला दरडी, तेव्हा भेटी चुकणारच. अभ्यासाचं वेळापत्रक पंचांगाबरोबर पावसाळा बघूनही लावायचं.

गर्भाचे आठवडे हा आणखी एक नाजूक भाग. पाळीची तारीख विचारली तर ‘गणपती बसायच्या आधी’ असं उत्तर येतं, आणि ते चांगलं उत्तर आहे. त्या वर्षीची चतुर्थी कॅलेंडरात बघून तारीख काढता येते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी पाच ते सात दिवसांच्या फरकाने आठवडे सांगते, शेवटच्या तीन महिन्यांतली तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकते. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यामुळे मशीन नोंदणीच्या जागेबाहेर नेता येत नाही, प्रत्येकीचा एफ फॉर्म लागतो. हा कायदा आपल्याकडे हवाच. म्हणून मशीन गावात नेण्याचा बेत सोडून बाईला बाराव्या आठवड्याआधी केंद्रापर्यंत आणण्याचा खर्च धरा.

आठवडे नीट न कळण्याची किंमत केवढी मोठी असू शकते ते सांगतो. दिवस भरायच्या आधी बाळंत होणाऱ्या बाईला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली तर बाळाची फुप्फुसं तयार होतात, हे श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत पक्कं सिद्ध झालेलं. मग ते गावपातळीवर का देऊ नये? सहा देशांत तसा अभ्यास झाला, २०१५ मध्ये निकाल आला. बेळगाव आणि नागपूर ही केंद्रंही त्यात होती. कमी वजनाच्या बाळांना फायदा दिसला नाही आणि एकूण नवजात मृत्यू दर हजारी साडेतीनने वाढले. इंजेक्शन घेतलेल्या पुष्कळ बायका प्रत्यक्षात दिवस भरूनच बाळंत झाल्या, आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढला. पाच वर्षांनी, २०२० मध्ये, दुसरा अभ्यास झाला. औषधांचा तोच वर्ग, आपल्यासारखेच देश, त्यात भारतही. पण या वेळी फक्त नवजात बाळांची सोय असलेली रुग्णालयं घेतली, सोनोग्राफीने आठवडे ठरवले आणि २६ ते ३४ आठवड्यांच्याच बायका घेतल्या. नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. ज्याला या क्षेत्रात यायचं आहे त्याने हे दोन पेपर शेजारी शेजारी ठेवून, पद्धतीचा भाग ओळ न ओळ वाचावा. फरक सगळा जागेत आणि मोजण्यात आहे.

उत्तर प्रदेशातला बेटरबर्थ अभ्यासही असाच वाचण्यासारखा. सुरक्षित बाळंतपणाची यादी आणि प्रशिक्षकाची साथ दिल्यावर सिस्टरांचं काम सुधारलं. पण मृत्यू आणि गंभीर त्रास मिळून एका गटात १५.१ टक्के, दुसऱ्यात १५.३ टक्के. फरक नाही. असा निकाल छापणारे लोक मला फार मोठे वाटतात. यादीत खूण करता येते, पण रक्त, भूल देणारा माणूस आणि रात्रीची गाडी यादीतून येत नाही, हे त्यातून लखलखीत दिसलं.

ऑक्सिटोसिनचा फ्रिज हा तुमच्या पहिल्या छोट्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो. इंजेक्शन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. उन्हाळ्यात लाईट गेलेली, खोका खिडकीत, किंवा ट्रेवर सकाळपासून काढून ठेवलेले अँप्युल, यात ताकद कमी होत जाते आणि दिसायला काहीच बदलत नाही. उष्णता सोसणारं कार्बेटोसिन २०१८ मध्ये दहा देशांतल्या २९,६४५ बायकांवर तपासलं गेलं. ५०० मिली किंवा जास्त रक्त गेलेल्या किंवा गर्भपिशवी आवळण्याचं जादा औषध द्यावं लागलेल्या १४.५ टक्के, ऑक्सिटोसिनच्या गटात १४.४. बरोबरी झाली. पण त्या अभ्यासातलं ऑक्सिटोसिन नीट थंड ठेवलेलं होतं. आपल्या उपकेंद्रातलं तसं असतं का? प्रत्येक फ्रिजमध्ये तापमान नोंदणारं छोटं यंत्र ठेवून तीन महिन्यांचे आकडे काढा. मार्च ते मे यांतले घ्या. कमी खर्चाचा अभ्यास, आणि निकाल जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर थेट उपयोगी.

संमतीबद्दल माझं ठाम मत आहे. कळा देणाऱ्या बाईकडून घेतलेली पहिलीच सही ही संमती नव्हे. सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीला येते तेव्हा समजावून सांगायचं, विचार करायला घरी वेळ द्यायचा, आणि लेबर रूममध्ये फक्त ‘अजून तयार आहात का’ एवढं विचारायचं. माहितीपत्रक आपल्या बोलीत हवं. ‘यादृच्छिक वाटप’ कुणाला कळणार? ‘कुणाला कुठली गोळी मिळेल हे चिठ्ठी काढून ठरतं, डॉक्टर ठरवत नाहीत’ असं लिहा. सासूबाई सोबत असतील तर त्यांनाही सांगा, त्यांना टाळून गावात काम होत नाही, पण उत्तर सुनेचंच घ्या, आणि एकदा तरी तिच्याशी एकटीशी बोला. अंगठा असेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो; वॉर्डातली आपलीच सिस्टर चालत नाही. आणि नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडणार नाही हे तोंडाने सांगा, कागदावर लिहिलेलं पुरत नाही.

पदव्यांचं थोडक्यात. पीजी असतानाच एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) सक्तीचा केलेला बायोमेडिकल रिसर्चचा कोर्स मन लावून करा, नुसता सर्टिफिकेटपुरता नको. प्रबंधाचा विषय मोजण्याशी निगडित घ्या. ‘आमच्या रुग्णालयातील पीपीएचचा आढावा’ यापेक्षा ‘नजरेचा अंदाज आणि वजन यांतला फरक’ हा विषय दहापट उपयोगी. पुढे चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेत किंवा तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रामध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण होतं. अनुदानासाठी आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि इंडिया अलायन्सच्या फेलोशिप आहेत. पण एक वर्ष तरी चालू असलेल्या चांगल्या अभ्यासात तळाच्या पायरीवर काम करा, पत्रकं तपासा, गावात जा. पदवीपेक्षा ते आधी.

परवानग्यांना वेळ धरून चाला. नैतिकता समितीची मंजुरी आधी, मग सीटीआरआयवर (अशा अभ्यासांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी, आणि ती पहिली बाई घेण्याआधीच. एप्रिल २०१८ पासून नंतरची नोंदणी घेतच नाहीत. परदेशी पैसा किंवा भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावं लागतं, त्यात महिने जातात. जिल्हा परिषदेच्या केंद्रांत काम करायचं तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र लागतं, आणि अधिकारी बदलले की पुन्हा जाऊन भेटावं लागतं. अभ्यासात गंभीर घटना घडली तर २४ तासांत कळवायची, त्यासाठी रविवारी कोण फोन उचलणार हे आधी ठरवा.

खासगी प्रॅक्टिस सांभाळून हे जमतं का? पूर्णवेळ प्रॅक्टिसबरोबर जमत नाही, असं मी स्पष्ट सांगतो. रात्रीची इमर्जन्सी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आकड्यांची छाननी यात छाननी हरते. वैद्यकीय महाविद्यालयातली नोकरी, किंवा दोन-तीन भागीदारांचं नर्सिंग होम आणि त्यात आठवड्याचे दोन दिवस पक्के मोकळे, एवढं तरी हवं. पैसे कमी मिळतील. घरच्यांशी ते आधी बोलून घ्या.

बजेट लिहिताना सिस्टर आणि आशाताईंचं मानधन, प्रवास आणि फोन यांची ओळ सगळ्यांत वर ठेवा. कपात झाली की खालच्या ओळी आधी जातात. प्रत्येक महिन्याला त्यांच्याच केंद्राचे आकडे अर्ध्या पानावर मराठीत छापून त्यांना द्या: किती बाळंतपणं झाली, कितींचं रक्त मोजलं, कितींचं ५०० च्या वर गेलं, कितींना औषध दहा मिनिटांत मिळालं. आणि पेपर छापून येईल तेव्हा, ज्या सिस्टरने लेबर रूममध्ये उभं राहून वेळपत्रक सुचवलं, सुधारलं आणि दुसऱ्यांना शिकवलं, तिचं नाव आभारांत न घालता लेखकांत घाला. त्यासाठी मसुदा तिच्यासोबत बसून, मराठीत समजावून, तिच्या दुरुस्त्या घेऊन पाठवायचा.